नवव्या प्रश्नापुढची खूण

पत्राचा गोषवारा:

मी मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुशोधप्रबंधासाठी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या १२० मुलामुलींकडून दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या, एक नैराश्याची आणि एक चिकाटीची. अभ्यासिकेच्या मालकांनी स्वतः उभं राहून "सगळ्यांनी मॅडमचा फॉर्म भरून द्या" असं सांगितलं, त्यामुळे काम पटकन झालं. फॉर्म निनावी आहेत. वर फक्त मोबाईलचे शेवटचे चार आकडे आहेत, कारण निकाल लागल्यावर दुसरी फेरी घ्यायची आहे. पूर्ण नंबर वेगळ्या वहीत आहेत. परवा माहिती एक्सेलमध्ये भरताना एका फॉर्मवर थांबले. नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्यापुढे "जवळजवळ रोज" या रकान्यात खूण होती आणि खाली पेनाने एक ओळ लिहिलेली होती. फॉर्म भरून अकरा दिवस झाले होते. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण संशोधन करतोय, समुपदेशन नाही. गोपनीयतेचं लिहून दिलं आहेस, आता फोन केलास तर वचनभंग होईल. सॅम्पल बिघडेल ते वेगळंच. असे दोन-तीन फॉर्म दर वर्षी येतात." ताई, मी वचन मोडू का? मोडलं तर प्रबंध रद्द होईल का? की मी उगाच घाबरते आहे?

उत्तर:

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुला तीन ओळी पाठवल्या होत्या, कारण असल्या पत्राला सदराची तारीख पाळत बसता येत नाही. त्या अशा: "आज फोन कर. एकटी करू नकोस, एखाद्या जाणत्या समुपदेशकाला शेजारी बसव. सरांच्या परवानगीसाठी थांबू नकोस." तू फोन केलास आणि तसं कळवलंस. पुढे काय बोलणं झालं ते इथे येणार नाही. तो मुलगा होता की मुलगी, फॉर्मवरची ओळ काय होती, शहर कोणतं, हे सगळं मी मुद्दाम गाळलं आहे. पुण्याच्या पेठांत, लातुरात, नाशकात, संभाजीनगरात, कुठेही दहा-दहा तास शेजारी बसणाऱ्या पोरांना एकमेकांची चप्पलसुद्धा ओळखू येते. चार तपशील पुरे होतात.

आता उरलेलं सावकाश बोलू. तुझ्या तीन प्रश्नांमागे काही गोष्टी तू गृहीत धरल्या आहेस, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

पहिली गोष्ट, तुझे फॉर्म निनावी नव्हतेच. निनावी म्हणजे ज्याचा माग तुलाही काढता येत नाही असा. मतपेटीत पडलेली चिठ्ठी निनावी असते. तुझ्याकडे चार आकडे आहेत आणि त्या आकड्यांना माणूस जोडणारी वही आहे, म्हणजे तुझी माहिती गोपनीय आहे, निनावी नाही. हा फरक व्हायवात दोन मार्कांचा असतो, इथे त्यावर सगळं अवलंबून होतं. फॉर्म खरोखर निनावी असता तर तुला त्या व्यक्तीपर्यंत पोचताच आलं नसतं, आणि फार तर सगळ्या १२० जणांना सरसकट निरोप पाठवता आला असता. वही असल्यामुळे तुझ्यावर जबाबदारी आली. तुझ्या संमतीपत्रावर "निनावी" लिहिलं असेल तर ते चुकीचं आहे, आणि ती चूक कबूल करणं तुझ्याकडे बाकी आहे. त्यावर पुढे येते.

आता वचनाचं. गोपनीयतेचं वचन तू कुणाला दिलं होतंस? त्या व्यक्तीला. मग त्याच व्यक्तीला फोन करून "तुम्ही लिहिलेलं मी वाचलं" एवढं म्हटलं, तर गुपित फुटलं कुणापुढे? मालकांच्या कानावर घातलं असतंस, रूममेटला गाठलं असतंस, गावाकडे वडिलांना फोन लावला असतास, तर तो वचनभंग होता. गोपनीयता असते ती सांगणाऱ्याच्या रक्षणासाठी. तिच्याआड संशोधकाला लपता येत नाही. सरांनी ते वचन उलटं धरलं आणि तूही ते तसंच हातात घेतलंस. मी तुला दोष देत नाही. एम.ए.च्या मुलीला गाईडचा शब्द किती जड असतो ते मला ठाऊक आहे.

आणि हे वचन कुणाच्याही बाबतीत बिनशर्त नसतं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बघ. कलम २३ मध्ये रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आहे, पण जिवाला धोका असेल तेव्हा तो टाळण्यापुरती, फक्त तेवढीच माहिती उघड करायची मुभाही त्यातच दिली आहे. तू डॉक्टर नाहीस आणि तुझी वही त्या कलमात थेट बसत नाही. पण उपचार करणाऱ्याला जे वचन इतकं निरपवाद पाळावं लागत नाही, ते प्रश्नावली वाटणाऱ्या विद्यार्थिनीला लागतं, हे कुठून आलं? याच कायद्याचं कलम ११५ ही माहीत असू दे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, असं ते सांगतं. "बोललो तर पोलीस केस होईल" ही भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे, आणि फोनवर ती कधी ना कधी निघते.

उगाच घाबरलीस का? थोडी घाबरलीस, आणि ते बरं झालं. नववा प्रश्न नीट वाच. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: मेलेलं बरं असं वाटणं, आणि स्वतःला इजा करण्याचा विचार. वारंवार नापास होऊन थकलेलं पोर पहिल्या अर्थानेही खूण करतं. हा प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, आणि नुकताच निकाल लागला असेल तर ते दोन आठवडे कसे गेले असतील ते सांगायला नको. म्हणजे त्या खुणेवरून निदान होत नाही. पण नेमकी कोणत्या अर्थाची खूण आहे हे कागदावरून कळत नाही, विचारूनच कळतं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. या विषयावरच्या संशोधनात तिला आधार मिळालेला नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं याने पुष्कळांना हायसं वाटतं.

सरांच्या सगळ्या बोलण्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. असे दोन-तीन फॉर्म दर वर्षी येतात. येतात, मग त्यांचं पुढे काय होतं?

मिलग्रामचा प्रयोग तुला तोंडपाठ असेल. येल विद्यापीठ, १९६१, विजेच्या धक्क्यांचं खोटं यंत्र, दुसऱ्या माणसाला वाढत जाणारे धक्के द्यायची आज्ञा, आणि ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. आपण तो आज्ञाधारकतेचा प्रयोग म्हणून शिकवतो, आणि त्यातल्या सहभागींचे काय हाल झाले म्हणून १९६४ मध्ये डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर जी टीका केली ती नीतिशास्त्राच्या धड्यात शिकवतो. पण करडा कोट घातलेला माणूस शांतपणे "प्रयोग पुढे चालू राहणं गरजेचं आहे" म्हणतो आणि समोरचा घामाघूम होऊन बटण दाबतो, ती खोली आपल्या विभागातही असते हे कुणी शिकवत नाही. तुला सरांनी "सॅम्पल बिघडेल" म्हटलं तेव्हा तू त्याच खुर्चीत होतीस. तू उठलीस.

एक बाई मात्र उठू शकली नाही, आणि मला तुझं पत्र वाचताना पहिल्यांदा तिचीच आठवण आली. मेरी ट्यूडर. १९३९ मध्ये ती अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात तुझ्यासारखीच पदव्युत्तर विद्यार्थिनी होती. तिचे गाईड वेंडेल जॉन्सन वाचादोषांचे मोठे अभ्यासक, स्वतः तोतरे. मूल तोतरं होतं ते मोठ्यांनी त्याला तसं ठरवल्यामुळे, असा त्यांचा सिद्धांत होता. तो तपासायला त्यांनी मेरीला डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात पाठवलं. तिथली २२ मुलं निवडली. त्यातल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना तिने महिनोन्‌महिने सांगितलं की तुमचं बोलणं अडखळतं, जपून बोला, नीट येत नसेल तर गप्प राहा. मुलं तोतरी झाली नाहीत, पण अबोल झाली, वर्गात उत्तर देईनाशी झाली. परवानगी कुणाची घ्यायची? आईबाप जवळ नव्हतेच, आश्रमाने दार उघडून दिलं होतं. प्रयोग संपल्यावर मेरी आपणहून त्या मुलांकडे पुन्हा गेली, तुम्ही छान बोलता असं पटवायचा प्रयत्न करत राहिली. झालेलं पुरतं पुसलं गेलं नाही. प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडला. सहकाऱ्यांत त्याला राक्षसी अभ्यास असं नाव पडलं होतं. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने तो बाहेर काढला तेव्हा कुठे विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने सहा दाव्यांपोटी ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

या गोष्टीत बहुतेक जण मेरीला खलनायिका करतात. मला ती परत गेली हे महत्त्वाचं वाटतं. पण ती एकटी गेली. त्या मुलांची सोडवणूक करायला विभाग गेला नाही, गाईड गेले नाहीत. तू एकटी जाऊ नकोस असं तुला पहिल्या तीन ओळींतच लिहिलं, ते याचसाठी.

तू एक गोष्ट जाता जाता लिहिली आहेस, त्यावर जरा थांबू. मालकांनी उभं राहून सांगितलं, म्हणून काम पटकन झालं. त्या खोलीतल्या पोराच्या जागी बसून बघ. महिन्याची फी थकलेली असते. खिडकीजवळची जागा मालकांच्या मर्जीवर असते. कॉट बेसिसवर राहायचं, डब्यावर जेवायचं, घरून "यंदा पोस्ट निघणार ना?" असा फोन यायचा. अशा खोलीत मालक म्हणतात, सगळ्यांनी भरून द्या. नाही कोण म्हणेल? तुझ्या संमतीपत्रावर १२० सह्या आहेत. त्यांतल्या संमती किती?

यावर आपल्याकडचंच उदाहरण देते. ते मानसशास्त्राचं नाही, लशीचं आहे, पण दुखणं हेच. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देऊन अभ्यास चालू होता. पुढे संसदीय समितीने २०१३च्या अहवालात कागद मांडले: आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, आणि १,९४८ वर अंगठे. मुली आश्रमशाळांतल्या, पालक लांब पाड्यांवर. ज्याच्या छपराखाली राहायचं त्यानेच परस्पर होकार द्यायचा. तुझ्या अभ्यासिकेत सह्या पोरांनी स्वतः केल्या हे खरं, पण होकाराची सुरुवात छपराच्या मालकाकडून झाली. पुढच्या वेळी मालकांकडून फक्त जागेची परवानगी घे, आणि घोषणा तू कर, मालक खोलीबाहेर असताना. कोरा फॉर्मही पाकिटात घालून पेटीत टाकता येईल अशी सोय ठेव, म्हणजे कुणी भरला नाही हे मालकांना काय, शेजारच्यालाही कळणार नाही. सॅम्पल लहान होईल. होऊ दे.

इथे माझीही एक गोष्ट सांगते, नाहीतर हे सगळं वरून बोलल्यासारखं होईल. मी एम.ए.ला असताना आमच्या विभागात एक प्रयोग ठरलेला होता. पदवीच्या मुलींना बुद्धिमत्तेची छोटी चाचणी द्यायची, निम्म्यांना मुद्दाम खोटे कमी गुण सांगायचे, आणि मग त्या कोडी सोडवताना किती लवकर हार मानतात ते घड्याळ लावून मोजायचं. शेवटी खरं सांगायचं, हा नियम होता. एका मुलीची एसटी होती. तिने दप्तर उचललं, "येते हं ताई" म्हणाली आणि गेली. उद्या सांगू म्हटलं. उद्या सुट्टी निघाली, मग दिवाळी आली. ती मला दुसऱ्या सत्रात भेटली. मी घाईघाईने सगळं सांगितलं, गुण खोटे होते, सगळ्यांनाच तसं सांगत होतो वगैरे. ती हसून म्हणाली, "असू दे हो. मला आधीपासून माहीत होतं मी ढ आहे ते." माझ्या जर्नलमध्ये त्या प्रयोगाला उत्तम शेरा आहे. त्या जर्नलमध्ये तिच्या नावापुढे आम्ही सगळेच लिहायचो तो शब्द आहे: प्रयुक्त. म्हणजे वापरलेला, वापरलेली. पुस्तकांतून आता "सहभागी" आलं आहे, पण प्रात्यक्षिकाच्या वर्गात "तुझा प्रयुक्त आला का गं?" अजून ऐकू येतं.

नंतर वाचनात आलं की हे माझ्या एकटीच्या हलगर्जीपणाचं नव्हतं. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की खोटे गुण खोटे होते हे नीट सांगितल्यावरही ते ऐकलेल्याचं स्वतःबद्दलचं मत मागे उरतं. आणि योगायोग बघ, त्या प्रयोगातलं काम होतं खऱ्या आणि बनावट आत्महत्येच्या चिठ्ठ्या वेगळ्या ओळखण्याचं. तेव्हा "शेवटी खरं सांगितलं की झालं" हेही मला आता पटत नाही. खोटं सांगायचा प्रयोग असेल तर आधी तो खोटं न सांगता करता येतो का ते बघावं. नसेलच येत, तर खरं सांगायला वेळ राखून ठेवावा. एसटी गाठायची असलेल्या मुलीला त्या दिवशी घेऊच नये.

तुझ्यासारख्या इतरांसाठी फोनचं थोडं तपशिलात सांगते, कारण सगळे अडतात ते पहिल्या वाक्याला. साधारण असं बोलावं: "मी अमुक. अभ्यासिकेत तुम्ही माझा फॉर्म भरला होतात. नवव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर वाचलं आणि मला गप्प बसवेना, म्हणून फोन केला. तुमचं नाव किंवा नंबर मी कुणाला दिलेला नाही. आत्ता बोलता येईल का, की शेजारी कुणी आहे?" शेवटचा प्रश्न विसरू नये. चार कॉटच्या खोलीत उत्तर "हो", "नाही" एवढंच येतं, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. जवळ समुपदेशक बसला असेल तर तेही आधीच सांगावं, फोन स्पीकरवर टाकून चोरून ऐकवू नये.

मग आडवळण न घेता विचारावं: असे विचार आजही येताहेत का? काही करायचं ठरवलं आहे का? "चुकून टिक झाली" असं उत्तर आलं तर हुज्जत घालू नये. बरं म्हणावं, नंबर द्यावा, चार दिवसांनी एकदा पुन्हा फोन करू का ते विचारावं. विचार आहेत पण काही ठरवलेलं नाही, असं असेल तर विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र, जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग, किंवा टेलिमानस. ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ या नंबरावर चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलते. आणि धोका आजचा, आत्ताचा वाटला तर फोन ठेवायचा नाही. दुसऱ्या फोनवरून बरोबरच्या माणसाने १०८ किंवा ११२ लावायचा. त्याही वेळी त्या व्यक्तीला आधी सांगायचं, "हे आता माझ्याएकटीकडे ठेवता येणार नाही. कुणाला सांगू ते तुम्ही सांगा." बहुतेक वेळा एक नाव येतं. भाऊ, मैत्रीण, जुने शिक्षक. ते नाव अभ्यासिकेच्या मालकांचं क्वचितच असतं.

तुझं काम तिथवरच आहे. तू उपचार करायचे नाहीत, रोज रात्री तासभर बोलत बसायचं नाही. तुझा जीव त्यात गुंतेल आणि त्या व्यक्तीला खरी मदत मिळायची राहून जाईल. ओंजळ दुसऱ्याच्या हातात नीट रिकामी करायची आणि बाजूला व्हायचं. हे निष्ठुर वाटेल. तसं नाही.

प्रबंध रद्द होईल का? सहभागीची विचारपूस केली म्हणून प्रबंध रद्द करावा, असं संशोधननीतीत कुठेही शिकवत नाहीत. तो एक फॉर्म दुसऱ्या फेरीतून वगळ. तुझ्या फोनमुळे त्या व्यक्तीची पुढची उत्तरं बदलू शकतात, हा सरांचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे. प्रबंधात एक ओळ लिही: सुरक्षिततेच्या कारणासाठी एका सहभागीशी संपर्क साधला, त्यामुळे दुसऱ्या फेरीत संख्या एकाने कमी. वय, परीक्षा, कितवा अटेम्प्ट, काही लिहू नकोस.

सरांबद्दल जपून बोलते, कारण मी त्यांची बाजू ऐकलेली नाही. बारा-पंधरा विद्यार्थी, परीक्षेची कामं, आणि त्यांच्या वेळी त्यांनाही हे कुणी शिकवलं नसेल. त्यांना मेल लिही. आरोप नको, घटनाक्रम लिही: अमुक तारखेला फॉर्म दिसला, अमुक तारखेला आपलं बोलणं झालं, अमुक तारखेला समुपदेशकाच्या सोबतीने संपर्क केला, पुढे अशी अशी दक्षता घेते आहे. शेवटी विचार, मागच्या वर्षांतल्या तशा फॉर्मसाठी विभागाने काही करावं का? उत्तर आलं नाही तर विभागप्रमुख. विद्यापीठाची नैतिकता समिती असेल तर तिच्याकडे जाणं ही चुगली नाही, तिचं कामच ते आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि तिच्यात संशोधक नसलेला एखादा साधा माणूसही लागतो. ही सोय मला फार आवडते. सर ज्याला मार्क देत नाहीत असा एक जण खोलीत हवाच. एम.ए.च्या प्रबंधांना समितीपुढे नेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी नाही, एवढासाच तर अभ्यास, असं म्हणतात. पण जगायचं की नाही असं विचारणारा प्रश्न पीएचडीच्या फॉर्मवर असो की एम.ए.च्या, उत्तर देणाऱ्याला तो सारखाच.

उरलेल्या ११९ जणांना एक निरोप गेला पाहिजे. सगळ्यांना एकच, एकाच दिवशी, म्हणजे कुणाकडे बोट जाणार नाही. ग्रुप काढू नकोस, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतील. एकेकाला पाठव. त्यात तीन गोष्टी हव्यात. एक, फॉर्म निनावी आहेत असं मी सांगितलं होतं ते नीट नव्हतं, चार आकड्यांवरून मला तुमच्यापर्यंत पोचता येतं, त्याबद्दल क्षमस्व. दोन, मालकांनी सांगितलं म्हणून भरला असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा, तुमचा फॉर्म काढून टाकते, कारण विचारणार नाही. तीन, फॉर्म भरताना किंवा नंतर जड वाटलं असेल तर १४४१६. किती जण माघार घेतील? दहा घेतील, वीस घेतील. त्या आकड्यावरून तुला कळेल की त्या संध्याकाळी खोलीत खरं काय घडलं होतं, आणि तो आकडा प्रबंधात आलेला मला वाचायला आवडेल.

आता जे कुणी यंदा अशीच प्रश्नावली घेऊन निघाले आहेत, त्यांना. वाटण्याआधी ठरवा: नवव्या प्रश्नावर खूण आली तर त्याच दिवशी कोण बघणार, कोण फोन करणार, कुणाच्या हाती सोपवणार. फॉर्म गोळा केले की खोली सोडण्याआधी आधी नववा प्रश्न चाळायचा, एक्सेल नंतर. संमतीपत्रावर सरळ मराठीत लिहा: "तुमची उत्तरं गोपनीय राहतील. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी तुम्हाला फोन करेन." हे वाचून काही जण नववा प्रश्न कोरा सोडतील. तो त्यांचा हक्क आहे. आणि ही व्यवस्था करणं शक्यच नसेल तर याच प्रश्नावलीची आठ प्रश्नांची आवृत्ती आहे, तिच्यात नववा प्रश्न नाही. ती घ्या. ही पळवाट आहे असं काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे; न विचारल्याने कुणाचं दुःख कमी होत नाही. पण ज्याचं उत्तर अकरा दिवस पिशवीत पडून राहणार, तो प्रश्न विचारण्यापेक्षा ते बरं.

तुझी ती वही सध्या कुठे असते? पत्रावरून वाटतं फॉर्म आणि वही एकाच पिशवीत, होस्टेलच्या खोलीत. आजच वेगळी कर. फॉर्म विभागातल्या कपाटात, वही घरी कुलपात. नंबर फोनमध्ये "अभ्यासिका १", "अभ्यासिका २" असे सेव्ह केले असशील तर तेही काढ. दुसरी फेरी झाली, चार आकडे जुळवून झाले, की वही फाडून टाक, आणि ती कोणत्या तारखेला फाडलीस ते सरांना कळव.